डब्यातली पांढरी पूड आणि बारावीचं ‘सॉल्ट’



जानेवारी उजाडला की बारावी सायन्सचं मूल असलेल्या घरात एक वेगळाच जप सुरू होतो. “सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पांढरा दह्यासारखा साका बसला, अमोनियात विरघळला, म्हणजे क्लोराइड.” “बेरियम क्लोराइड टाकलं, पांढरा साका आला, ॲसिडातही विरघळेना, म्हणजे सल्फेट.” आमच्या जुईनगरहून वाशी-नेरूळच्या कॉलेजांत जाणारी मुलं लोकलमध्ये उभ्याउभ्या हेच घोकत असतात. आई बिचारी पोळ्या लाटता लाटता ऐकते आणि मनात म्हणते, ‘मार्क मिळाले की झालं! या साक्याचा संसारात काय उपयोग?’

तर आज मी तुम्हांला तेच सांगणार आहे. बारावीच्या अभ्यासात स्वयंपाकघराच्या कामाचा एखादा धडा असेल, तर तो हाच. मुलांच्या भाषेत त्याला ‘सॉल्ट ॲनालिसिस’ म्हणतात. आपण साधं म्हणू, अनोळखी वस्तूची ओळख पटवणं. तुमच्या फळीवर एखादा बिनचिठ्ठीचा डबा असेल (आणि कुणाच्या फळीवर नसतो?) तर हे शेवटपर्यंत वाचाच.

मुलं नेमकं काय करतात?

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मुलाच्या हातात एक पुडी देतात. आत चमचाभर पूड. नाव नाही, गाव नाही. तिच्यात एक धन आयन आणि एक ऋण आयन असतो, ते दोन्ही ओळखायचे. वहीत तीन रकाने आखलेले: कृती, निरीक्षण, अनुमान. काय केलं, काय दिसलं, आणि त्यावरून काय ठरवलं. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळायच्या नाहीत, ही पहिली शिस्त.

आधी रंग पाहतात. निळी असेल तर तांबं असण्याचा संभव, फिकट हिरवी असेल तर लोह, गुलाबी असेल तर कोबाल्ट. मग ज्योतीत धरतात. सोडियमची ज्योत सोनेरी पिवळी, पोटॅशियमची जांभळट, कॅल्शियमची विटकरी, बेरियमची कच्च्या सफरचंदासारखी हिरवी. यातली पहिली तुम्ही रोज पाहता बरं का! वरण उतू जाऊन बर्नरवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते ना? ते मिठातलं सोडियम.

गंमत पुढेच आहे. सोडियमचा पिवळा रंग इतका भडक असतो, की शेजारी पोटॅशियम असलं तरी त्याची जांभळट छटा पार झाकून जाते. म्हणून मुलं ज्योतीकडे निळ्या काचेतून पाहतात. काच पिवळा रंग अडवते आणि मागे लपलेली जांभळट ज्योत दिसू लागते. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो, ते प्रयोगशाळेत असं डोळ्यांनी बघायला मिळतं.

एवढं सगळं होऊनही काम संपत नाही. प्राथमिक चाचणीने नुसता संशय घ्यायचा असतो. त्यानंतर खात्रीची चाचणी करायची, ती जमली तरच नाव लिहायचं. आणि हे सारं करताना एक गोष्ट कुणी कधीच करायची नाही: चव घ्यायची नाही. वास घ्यायचा तोही नळीत नाक खुपसून नाही, तर हाताने हलकेच वारा आपल्याकडे ओढून.

आता आपण काय करतो पाहा. डबा उघडतो, चिमूटभर पूड जिभेवर ठेवतो आणि म्हणतो, “अगं, हा तर खायचा सोडा!” प्रयोगशाळेत जे सर्वांत आधी मना केलेलं, तेच आपण सर्वांत आधी करतो.

फळीवरच्या पांढऱ्या सख्या

आपल्या घरात पांढऱ्या पुडी किती असतात, मोजून पाहा. मीठ, पिठीसाखर, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, पापडखार, तुरटीची पूड, लिंबूफूल, कॉर्नफ्लॉवर, मैदा, पानाचा वाळलेला चुना, आणि ओट्याखाली झुरळांसाठी आणलेली बोरिक पावडर. पुड्या फाटतात, डबे बदलतात, मदतनीस बाई नवीन येते, पाहुणी आलेली नणंद प्रेमाने फळी आवरून जाते. महिन्याभरात कुठलं काय ते आपल्यालाच सांगता येत नाही.

यांची ओळख पटवायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक उत्तम साधन आहे: हळद. कुंकू कशाचं करतात? हळद आणि चुन्याचं. चुन्यासारखा खारट-तुरट अल्कधर्मी पदार्थ लागला की हळदीचा पिवळा रंग लाल होतो. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लालभडक होतो, तो याच कारणाने. मुलं ज्या लिटमसला डोक्यावर घेतात, त्याची ही आपली घरची बहीण.

हळदीचे कागद घरी करता येतात. अर्धा चमचा हळद दोन-तीन चमचे स्पिरिटमध्ये कालवा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसपासून लांब, खिडकीपाशी करा. गाळ खाली बसू द्या, वरच्या पिवळ्या पाण्यात टीपकागद बुडवा आणि सावलीत वाळवा. बोटभर पट्ट्या कापून कोरड्या बाटलीत ठेवल्या की झालं. सुट्टीतल्या मुलांना दुपारभर छान उद्योग!

आता दोन वाट्या घ्या. एकीत खायचा सोडा, दुसरीत धुण्याचा सोडा, दोन्ही अगदी चिमूट. दोन्हींवर लिंबू पिळा. दोन्ही फसफसतील! दोन्हींतून निघणारा वायू एकच, कार्बन डायऑक्साइड. म्हणजे “फसफसलं, तेव्हा खायचा सोडाच” असं म्हणणारी बाई इथे सपशेल फसली. आता नवीन चिमूट घ्या, पाण्यात विरघळवा आणि त्यात हळदीची पट्टी बुडवा. धुण्याच्या सोड्यात ती गडद तांबडी होते. खायच्या सोड्यात ती जेमतेम तपकिरीकडे झुकते, कधी फारसा फरकही दिसत नाही. एका चाचणीत जुळ्या वाटणाऱ्या दोघी दुसऱ्या चाचणीत वेगळ्या झाल्या.

तुरटी आणि लिंबूफुलाचंही असंच. दोन्ही आंबट स्वभावाच्या. खायच्या सोड्याच्या पाण्यात टाकल्या की दोन्ही फसफसतात, हळदीला दोन्ही पिवळीच ठेवतात. चुन्याची तऱ्हा आणखी निराळी. ताजा चुना लिंबाने फसफसत नाही. पण उघडा पडून जुना झालेला चुना फसफसतो, कारण त्याने मधल्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो. वस्तू तीच, पण वयाप्रमाणे वागणं बदललं!

म्हणून मुलांच्या वहीतली आणखी एक युक्ती उचला. अनोळखी पुडीवर जी चाचणी कराल, तीच शेजारी ओळखीच्या पुडीवर करा. नुसतं ‘लाल झालं’ यावर जाऊ नका. कशाइतकं लाल, ते शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

निळा रंग आणि झुरळांच्या गोळ्या

औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर आयोडीन तुमच्या ओळखीचं असेल. पिठूळ पदार्थावर त्याचा थेंब पडला की निळा-काळा रंग येतो. दुधात, खव्यात, पनीरमध्ये पीठ मिसळलं आहे का हे पाहायला ही चाचणी खरंच सोयीची. चमचाभर दूध उकळून पूर्ण थंड करा आणि त्यात दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पीठ आहे. तपासलेलं दूध मात्र फेकायचं, पातेल्यात परत ओतायचं नाही.

पण समजा, दूध निळं झालं नाही. म्हणजे शुद्ध? छे! त्यात पीठ नाही एवढंच कळलं. पाणी आहे का, साखर आहे का, याबद्दल आयोडीन एक अक्षर बोललेलं नाही. दुधात बुडवायचा लॅक्टोमीटर घेतला तरी तेच. पाणी घातलं की तो खाली बुडतो, पण साय काढली की वर येतो. म्हणजे साय काढून मापाने पाणी घालणाऱ्याने दोन्हींचा मेळ घातला, तर काटा म्हणणार, “सगळं ठीक!”

आता ओट्याखालच्या झुरळांच्या गोळ्या आठवा. बोरिक पावडर कणकेत मळून आपण त्या करतो. त्यावर आयोडीन टाकलं तर काय होईल? निळा-काळा रंग येईल, कारण आत कणीक आहे. कुणी म्हणेल, “पीठच आहे की!” आहेच. पण पिठाच्या सोबतीला काय आहे, ते आयोडीनला विचारलंच नव्हतं.

चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते, ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं धरून चालणं, हाच सगळा घोटाळा असतो.

हळदीची पारख घ्या. मेटॅनिल यलो नावाचा, खाण्याला बंदी असलेला रंग हळदीत किंवा डाळीत घालतात. त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की गुलाबी-जांभळा रंग येतो, हे अनेकींनी वाचलं असेल. पण शुद्ध हळदसुद्धा तीव्र ॲसिडात लालसर गुलाबी होते! फरक पुढच्या पायरीवर आहे. पाणी घातलं की शुद्ध हळदीचा गुलाबी रंग जातो, मेटॅनिल यलोचा तसाच राहतो. ती पायरी गाळली तर चांगल्या दुकानदारावर उगाच आळ यायचा. अर्थात हे ॲसिड घरात आणू नका. ते काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली. घरी लाल तिखटाची चिमूट पाण्याच्या पेल्यावर भुरभुरा. रंगाच्या रेघा ओघळू लागल्या किंवा तळाशी विटेच्या भुकटीसारखा जड, खरखरीत गाळ बसला, तर संशय घ्यायला जागा आहे. घरच्या चाचणीचं काम एवढंच, संशय घेणं. निकाल देणं तिचं काम नव्हे.

एक पायरी गाळली की काय होतं

तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला? तर थोडं मागचं आठवू या.

हिवाळ्यात ओठ फुटले की आपण ग्लिसरीन लावतो. रंगहीन, दाट, गोडसर. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा कारखान्यात वापरायचा पदार्थ आहे, तोही रंगहीन, दाट आणि गोडसर. डोळ्याला, बोटाला, जिभेला दोन्ही सारखेच. पण हा दुसरा पोटात गेला की मूत्रपिंडं निकामी करतो.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना औषध म्हणून ग्लिसरीन दिलं गेलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. चौदा रुग्ण दगावले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. १९८८ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात औषधांच्या खरेदीपासून ते तपासणीपर्यंतच्या सगळ्या कारभारावर कडक ताशेरे होते. विचार करा, बाटलीवर चिठ्ठी होती. नाव होतं. त्या नावाची खात्री करून घेणारी चाचणी मात्र रुग्णाच्या तोंडाशी चमचा जाण्याआधी झाली नाही.

हे विष तेव्हाही नवं नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत याच पदार्थात विरघळवलेल्या औषधाने शंभरावर माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा झाला. आणि ते अजून संपलेलंही नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं गेली. त्यांतल्या कितीतरी मुलांना आपल्या नागपूरला उपचारांसाठी आणलं होतं. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. जवळजवळ अर्धी बाटली!

दुसरा प्रसंग बिहारचा. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. कीटकनाशकाच्या डब्यात तेल साठवलं गेलं होतं. तिथे कुणाला मोठी प्रयोगशाळा नको होती. विषाचा डबा तेलाला वापरायचा नाही, एवढा नियम पाळला असता तर पुरे होतं.

शाळेत आणि घरात एक फरक आहे

परीक्षेत मुलाला पुडी देणाऱ्या सरांच्या खिशात यादी असते. कुठल्या पुडीत काय, हे त्यांना ठाऊक असतं. मुलगा चुकला तर दोन मार्क जातात. आपल्या फळीवरच्या डब्याची यादी मात्र कुणाच्याच खिशात नसते. तिथे चुकलं तर मार्कांवर भागत नाही.

म्हणून मुलाने कोडं सोडवावं, आणि आपण घरात कोडं तयारच होऊ देऊ नये. हळदीच्या पट्ट्या, आयोडीन हे सगळं शिकण्यासाठी. अनोळखी पूड ‘खाण्यालायक’ ठरवण्यासाठी ते कधीही वापरू नका. आता या कामाच्या गोष्टी लिहून घ्या:

१. प्रत्येक डब्यावर नाव आणि भरल्याची तारीख. झाकणावर नव्हे, डब्याच्या अंगावर. झाकणं अदलाबदल होतात.

२. खाण्याच्या आणि न खाण्याच्या वस्तू एका फळीवर नकोत. धुण्याचा सोडा, बोरिक पावडर, फिनेल, ॲसिड यांची जागा कुलपात किंवा मुलांच्या हाताला न लागेल अशी.

३. सरबताच्या, पाण्याच्या बाटलीत रॉकेल, ॲसिड, फिनेल भरू नका. आणि कीटकनाशकाचा डबा कितीही घासला तरी धान्यातेलाला घेऊ नका.

४. ओळख पटत नसेल तर चाखू नका, हुंगू नका, ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून वापरू नका. चार आण्यांच्या सोड्यासाठी जीव टांगणीला लावण्यात कसली आली काटकसर?

५. अनोळखी पातळ पदार्थ मोरीत ओतू नका. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बाटली घट्ट बंद करून, कागदात गुंडाळून, वर ‘धोकादायक’ असं लिहून कचरागाडीवर वेगळी द्या.

६. मुलाने काही अनोळखी गिळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा तडक दवाखाना गाठा, आणि तो डबा, ती बाटली बरोबर न्या. डॉक्टरांचा अर्धा वेळ ‘काय गिळलं?’ याच प्रश्नात जातो.

आणि बाजारातल्या मालाचा संशय आला तर? आम्हां नवी मुंबईकरांना वाशीचा घाऊक बाजार जवळ, त्यामुळे वर्षाचं तिखट-हळद-डाळ एकदम भरण्याची सवय. संशय आला की बिल, पाकीट आणि न वापरलेला माल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. शिवाय २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात, ४० व्या कलमात, तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकालाही एक हक्क दिला आहे. ठरलेली फी भरून आपण विकत घेतलेला पदार्थ सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. मात्र माल घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल सदोष निघाला तर फी परत मिळते. फार थोड्या जणींना हे ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

या रविवारी एक करा. बारावीच्या त्या घोकणाऱ्या कार्ट्याला (किंवा कार्टीला!) तासभर स्वयंपाकघरात बोलवा. हातात मार्कर आणि कोऱ्या चिठ्ठ्या द्या आणि म्हणा, “चल, फळीवरचा प्रत्येक डबा काढ. तुझे तीन रकाने इथे आख.” ज्याचं नाव खात्रीने सांगता येईल त्याला चिठ्ठी, ज्याचं येणार नाही तो डबा बाहेर. परीक्षेची उजळणी होईल आणि तुमची फळीही लखलखीत होईल.

पुढच्या अंकात पिण्याच्या पाण्याची टाकी कशी आणि केव्हा धुवावी, ते पाहू.